शोकात्म कादंबरी वाचून झाल्यावर : तर्कांचा पडताळा व पात्रांच्या बाजू

कादंबरीचे शेवटचे पान उलटले की वाचन संपले, अशी समजूत शाळेत व शाळेबाहेरही रूढ झालेली आहे. सुखान्त कथेपुरती ती चालून जाते. शोकात्म कथेच्या बाबतीत मात्र तिच्यामुळे वाचकाचे नुकसान होते. अशी कादंबरी मिटल्यानंतर मनात दोन प्रश्न रेंगाळत राहतात. हे असेच होणार होते काय, हा पहिला. आणि यात दोष कोणाचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा संबंध वाचकाने वाचता वाचता बांधलेल्या तर्कांशी आहे. दुसऱ्याचा संबंध पात्रांच्या बाजूंशी आहे. या दोन्ही प्रश्नांकडे पुन्हा वळून पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याच्या वाचनाला खोली येते. ज्याला ती लागली नाही, त्याच्यापाशी कालांतराने केवळ कथानकाचा सांगाडा शिल्लक राहतो.

प्राथमिक शिक्षकाला या विषयाशी काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मोठ्या कादंबऱ्या प्राथमिक वर्गात वाचावयाच्या नसतात, हे खरे. तथापि शिक्षक स्वतः ज्या रीतीने वाचतो, त्याच रीतीने तो वर्गात धडा हाताळतो. धडा संपताच ‘या गोष्टीचे तात्पर्य काय’ हा एकच प्रश्न विचारून पुस्तक मिटविण्याची प्रथा मुळात शिक्षकाच्या स्वतःच्या वाचनातून आलेली असते. यास्तव प्रथम शिक्षकाच्या वाचनाचा विचार करणे व नंतर वर्गाकडे वळणे, हाच क्रम येथे ठेविला आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीत ज्यांचे दीर्घकाळ वास्तव्य झाले, त्या कै. विष्णु सखाराम खांडेकर यांची ‘ययाति’ ही कादंबरी या अभ्यासाला अत्यंत सोयीची आहे. खांडेकरांचा जन्म सांगलीस १८९८ मध्ये झाला. १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोडे येथील शाळेत त्यांनी अध्यापन केले आणि १९३८ मध्ये ते कोल्हापुरास आले. शिक्षकवर्गाला त्यांच्याविषयी वाटणारी आपुलकी ही केवळ साहित्यिकाविषयीची नाही. खेडेगावच्या शाळेत अठरा वर्षे घालविलेल्या सहव्यवसायी गृहस्थाविषयीची ती आहे. ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना लाभला. मराठीला मिळालेला तो पहिलाच ज्ञानपीठ पुरस्कार होय. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. राजारामपुरीच्या क्रमांक घातलेल्या गल्ल्यांतून आज शाळेला जाणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक असते. पुस्तक मात्र बहुधा पुढे, मोठेपणी, हाती पडते.

‘ययाति’ निवडण्याचे कारण तिच्या कीर्तीपेक्षा तिच्या रचनेत अधिक आहे. ही कादंबरी एकाच तोंडून सांगितलेली नाही. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा ही तिघे आपापली कहाणी आळीपाळीने प्रथमपुरुषी सांगतात. एकाच राजवाड्यातील तेच प्रसंग वाचकाला तीन निराळ्या खिडक्यांतून दिसतात आणि प्रत्येक खिडकीतून दिसणारे दृश्य अपुरे असते. शिवाय मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातील असल्यामुळे पुढे काय घडणार, याची पुसट कल्पना बहुतेक मराठी वाचकांना आधीच असते. तर्क बांधणे व बाजू पारखणे या दोन्ही गोष्टींची परीक्षा येथे एकदम होते.

प्रथम तर्कांविषयी. कोणताही जागरूक वाचक पुढे काय होईल याचा अंदाज करीतच वाचतो. प्रश्न असा आहे की, कादंबरी संपल्यावर त्या अंदाजांचे काय होते? बहुधा ते नाहीसे होतात. एवढेच नव्हे, तर त्यांच्या जागी दुसरेच येऊन बसतात. शेवट कळल्यावर ‘हे असेच होणार हे मला आधीच ठाऊक होते’ असे वाचकाला मनापासून वाटू लागते. त्यात लबाडी नसते, तो मनाचा स्वभावच आहे. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे दाखवून दिले. त्याने एका प्रयोगासाठी हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील, १८१४ च्या सुमाराचा इंग्रज व गुरखे यांचा संघर्ष निवडला होता. वाचणाऱ्यांच्या निरनिराळ्या गटांना त्याने संघर्षाचे निरनिराळे निकाल खरे म्हणून सांगितले आणि निकाल ठाऊक नसता तर कोणता शेवट कितपत संभवनीय वाटला असता, असे विचारले. ज्या गटाला जो निकाल सांगितला होता, तोच त्या गटाला अधिक संभवनीय वाटला. निकाल कळला की मागचा सारा रस्ता त्याच निकालाकडे जात होता असे भासू लागते. इतिहासाच्या वाचकाची जी गत, तीच शोकात्म कादंबरीच्या वाचकाची.

यावर उपाय एकच, आणि तो अगदी साधा आहे. तर्क मनात न ठेवता कागदावर लिहावा, त्याच्याखाली कारण लिहावे आणि पुस्तक संपेपर्यंत त्यात खाडाखोड करू नये. कारण लिहिणे हे तर्क लिहिण्याहून महत्त्वाचे आहे. ‘देवयानी सुखी होणार नाही’ एवढेच लिहिले तर पडताळ्याच्या वेळी होय किंवा नाही यापलीकडे काही हाती लागत नाही. ‘देवयानी सुखी होणार नाही, कारण तिला नकार सोसणे ठाऊक नाही’ असे लिहिले असेल, तर भाकीत खरे ठरूनही कारण चुकले असल्याचे पुढे दिसून येऊ शकते. असे दिसणे हीच या साऱ्या खटाटोपाची कमाई होय. अमेरिकेतील वाचनशिक्षणाचे अभ्यासक रसेल स्टॉफर यांनी १९६९ मधील आपल्या ग्रंथात याच धर्तीची पद्धत मांडली होती: मजकुराचा काही भाग वाचून थांबणे, पुढचा अंदाज करणे, आणि पुढे वाचून मजकुरातील पुराव्यानिशी तो पडताळणे. त्यातील ‘पुराव्यानिशी’ हा शब्द आपल्याकडील वर्गांतून बहुधा गळून पडतो.

‘ययाति’ वाचताना थांबण्याच्या जागा आपोआप सुचतात. पहिली जागा शापाची. इंद्रपद मिळाल्यावर नहुषाने उन्मादाने ऋषींना पालखीला जुंपले आणि अगस्त्याचा शाप ओढवून घेतला, ही कथा सर्वश्रुत आहे. कादंबरीत त्या शापाची छाया पुढील पिढीवर पसरते: नहुषाची संतती कधीही सुखी होणार नाही. वाचकाच्या वहीत येथे बहुधा एकच वाक्य लिहिले जाते, शाप खरा ठरणार. कादंबरी संपल्यावर हे वाक्य खरे ठरलेले दिसते व वाचक समाधान पावतो. परंतु खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. शाप खरा ठरला तो कोणत्या वाटेने? नहुषाला दोन पुत्र. थोरला यति सुखाची आशाच सोडून अरण्यात निघून जातो आणि शरीराचा द्वेष करू लागतो. धाकटा ययाति सुख हातचे निसटेल या भीतीने त्याच्यामागे धावतो आणि शरीराचा दास होतो. एकाच भाकिताला भिऊन दोन भाऊ दोन टोकांना गेले आणि दोघेही सुखाला मुकले. शापाने त्यांना दुःखी केले, की शापाच्या भयाने? वहीत जर ‘शाप खरा ठरणार, कारण तो ऋषीचा आहे’ असे लिहिले असेल, तर हे कारण पुन्हा तपासावे लागते.

ग्रीक नाटककार सोफोक्लीझ याच्या ‘इडिपस राजा’ या नाटकात हाच पेच याहूनही कठोर रूपात येतो. पित्याचा वध व मातेशी विवाह, हे आपल्या नशिबी असल्याचे भाकीत टाळण्यासाठी इडिपस ज्या घराला आपले समजतो तेथून पळून जातो, आणि त्या पळण्यामुळेच ते भाकीत पुरे होते. ॲरिस्टॉटल याने शोकात्मिकेविषयी लिहिताना घटना अनपेक्षित असूनही एकमेकींतून निष्पन्न झालेल्या असाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. वाचकाच्या तर्कवहीसाठी याहून चांगला निकष सापडणे कठीण. जो शेवट अगदी सहज ओळखता आला, तो कदाचित उथळ असेल. जो मागे वळून पाहूनही पटत नाही, तो कृत्रिम असेल. आणि जो ओळखता आला नाही, पण मागे वळून पाहताच त्याचे धागे ठिकठिकाणी सापडू लागले, तो उत्तम होय.

थांबण्याची दुसरी जागा देवयानीच्या विवाहाची आहे, तिसरी शर्मिष्ठेच्या दास्याची. या दोन्ही ठिकाणी वाचकाचे तर्क फारसे चुकत नाहीत. विहिरीतून वर काढलेली देवयानी राणी होते. जिने तिला विहिरीत ढकलले ती वृषपर्व्याची राजकन्या दासी होऊन तिच्यामागोमाग हस्तिनापुरास येते. राजा व दासी यांच्यात अनुराग जुळणार, हे कथा माहीत नसलेल्यालाही उमजते. येथे विशेष रेंगाळण्याचे कारण नाही.

चौथी जागा मात्र अशी नाही. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य येते आणि पुत्राने आपले यौवन दिले तरच ते परत मिळणार असते. शर्मिष्ठेचा पुत्र पुरु पुढे येतो. महाभारत वाचलेल्या वाचकाचा तर्क येथे ठाम असतो: ययाति सहस्र वर्षे पुत्राचे यौवन भोगील, आणि उपभोगाने वासना शमत नाही हे त्याला शेवटी उमगेल. हा तर्क चुकतो. खांडेकरांचा ययाति सहस्र वर्षे थांबत नाही. पुत्राकडून घेतलेल्या यौवनाचे ओझे त्याला फार लवकर पेलवेनासे होते. जाणत्या वाचकाचा ज्ञानामुळेच झालेला हा मुखभंग सर्व चुकलेल्या तर्कांत अधिक मोलाचा आहे. लेखकाने मूळ कथा येथे का वाकविली? महाभारतातील ययाति दीर्घ अनुभवाने शहाणा होतो. एका अर्थी तो एक प्रयोग करतो, आणि प्रयोगाचा निष्कर्ष जगाला सांगतो. पुरूच्या वार्धक्याचा त्या निष्कर्षाशी फारसा संबंध येत नाही. कादंबरीतील ययातीला शहाणपण येते ते दुसऱ्याच्या दुःखाच्या दर्शनाने. वासनेच्या कथेची अशा रीतीने बापलेकांची कथा होते. हे परिवर्तन वाचकाला पटले की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. आयुष्यभर स्वतःपलीकडे न पाहणारा मनुष्य इतक्या अल्पावधीत बदलेल काय, असा आक्षेप कोणी घेतला तर तो उडवून लावण्यासारखा नाही. वाचकाने त्याचे उत्तर आधीच्या प्रकरणांतून शोधावे: ययातीच्या निवेदनात कोठे लाज, कोठे पश्चात्ताप, कोठे कोवळीक आली आहे, त्या जागा हुडकाव्यात. त्या सापडल्या तर शेवट पटतो; सापडल्या नाहीत तर आक्षेप उभा राहतो. दोन्ही निर्णय सन्माननीय आहेत, मात्र ते जागा दाखवून दिलेले असावेत.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. शेवटी नायक मरत नाही, यास्तव ‘ययाति’ शोकात्म नव्हे, असे म्हणणारे वाचक भेटतात. शोकात्मता शेवटच्या पानावर मोजावयाची नसते. कादंबरी मिटण्यापूर्वीच अलकेसारख्या निरपराध जिवाचा बळी गेलेला असतो, शर्मिष्ठेच्या आयुष्याची अनेक वर्षे वनवासात सरलेली असतात, आणि एका संसारात तीन माणसे परस्परांना न ओळखता राहिलेली असतात. राजा जागा झाला म्हणून यातले काहीही परत मिळत नाही.

आता पात्रांच्या बाजूंकडे वळावयाचे. ‘दोष कोणाचा’ या प्रश्नाचे पहिले उत्तर वाचकाच्या तोंडी बहुधा देवयानीचे नाव घेऊन येते. ती अहंकारी, ती हट्टी, तिने पतीला प्रेम दिले नाही. हे उत्तर कोठून आले, याचा शोध घ्यावा. ते बरेचसे ययातीच्या निवेदनातून आलेले असते. कादंबरीचा आरंभ त्याच्या तोंडून होतो, वाचक प्रथम त्याच्याशी सलगी करतो, आणि ज्याची कहाणी आधी ऐकली त्याचा पक्ष घेणे हा मनुष्यस्वभाव आहे. गावच्या पंचांनाही हा मोह सुटत नाही. प्रथमपुरुषी निवेदक हा साक्षीदार असतो, तसाच स्वतःचा वकीलही असतो. तो खोटे बोलत नसेल, परंतु कशावर बोलावयाचे व कशावर गप्प बसावयाचे हे तोच ठरवितो.

देवयानीच्या निवेदनातून पाहिले म्हणजे चित्र पालटते. ती शुक्राचार्यांची लाडकी कन्या. संजीवनी विद्येसाठी आलेल्या कचावर तिने जीव लावला, आणि विद्या साध्य झाल्यावर त्याने तिला नाकारले. शुक्राच्या उदरातून पुन्हा जन्म घेतल्यामुळे तो तिचा बंधू ठरला, हे कारण धर्माला धरून असेल; नाकारलेल्या तरुणीच्या जखमेवर त्याचा लेप होत नाही. रागाने तिने त्याची विद्या निष्फळ होईल असा शाप दिला, आणि कोणताही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही, असे त्याने उलट बजावले. पुढे ज्या सखीशी वस्त्रांवरून तिचे भांडण झाले, तिने तिला विहिरीत ढकलले. आणि ज्या पुरुषाने हात देऊन वर काढले, तोच पुढे त्याच सखीचा झाला. या क्रमाने प्रसंग मांडले तर तिचा संताप समर्थनीय ठरतो असे नाही, पण तो समजतो. समजणे व समर्थन करणे यांतील हे अंतर पुसट होऊ देता कामा नये. बाजू ऐकून घेतली म्हणजे निर्णय देण्याचा अधिकार गेला, असे मानणारे वाचक शेवटी सर्वांनाच निर्दोष ठरवितात आणि कादंबरीतील शोकाची धारच बोथट करून टाकतात. शर्मिष्ठेला जन्मभर दास्य मागणे हा अन्यायच होता. देवयानीचे दुःख जाणून घेतल्यावरही तो अन्यायच राहतो. फक्त तो करणारी व्यक्ती राक्षसी न राहता मनुष्य होते.

शर्मिष्ठेच्या बाबतीत उलट सावधगिरी आवश्यक आहे. शुक्राचार्य रुसून निघून गेले तर सारे राज्य संकटात येईल, म्हणून ती दास्य पत्करते. तिचा त्याग वाचकाला इतका भारून टाकतो की तिच्याकडे प्रश्नार्थक दृष्टीने पाहण्याचे धैर्य होत नाही. तथापि भांडणाच्या वेळी तिच्या जिभेवर राजकन्येचा तोरा होताच. आणि ज्या स्त्रीच्या घरी ती राहत होती, तिच्याच पतीशी तिने गुप्तपणे संसार केला. हे प्रश्न तिला विचारल्याने तिची थोरवी उणावत नाही. तिन्ही निवेदने वाचून झाल्यावर वाचकाने एखादा एकच प्रसंग, विशेषतः विहिरीचा, तिघांच्या तोंडून आपल्या शब्दांत लिहून पाहावा. तिघांत जे समान आहे ते वस्तुस्थिती समजावे. जे भिन्न आहे त्यातून स्वभाव ओळखावा.

याहून अवघड अभ्यास दुसराच आहे. ज्यांना लेखकाने निवेदन दिलेच नाही, त्यांचे काय? कच बोलतो, पण इतरांच्या आठवणींतून. यति दिसतो तो भावाच्या डोळ्यांना. अलकेचे आयुष्य तर राजपुत्राच्या आयुष्यातील एक प्रकरण होऊन राहते. आणि पुरु? ज्या तरुणाने एका शब्दासरशी आपले सारे यौवन देऊ केले, त्याच्या मनात त्या क्षणी काय होते, हे त्याच्या तोंडून वाचकाला कधीच ऐकावयास मिळत नाही. पितृभक्ती, कीर्तीची आस, आईच्या दुःखाचा शेवट करण्याची इच्छा, की तारुण्यसुलभ अविचार? शिक्षकांच्या वाचनमंडळात प्रत्येकाने पुरूचे एक पानभर निवेदन लिहून आणावे. ती पाने शेजारी ठेवली असता प्रत्येक वाचकाने कादंबरी कोणत्या अंगाने वाचली, हे चर्चेवाचून उघड होते.

‘ययाति’नंतर अशा रचनेची दुसरी कादंबरी वाचावयाची असल्यास तीही कोल्हापूरशीच जोडलेली आहे. कै. शिवाजी सावंत हे आजऱ्याचे. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक असतानाच, १९६७ मध्ये, त्यांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली. कर्णाची ही कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या निवेदनांतून उलगडते. शोकात्मतेविषयी येथे कोणालाच शंका येणार नाही. तर्काचा प्रकार मात्र बदलतो. कर्ण कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहे हे वाचकाला ठाऊक असते, कर्णाला ठाऊक नसते; म्हणून ‘पुढे काय’ या प्रश्नापेक्षा ‘त्याला केव्हा कळेल, आणि कळल्यावर तो काय करील’ हा प्रश्न वाचकाला ओढून नेतो. अखेरचे निवेदन कर्णाचे असू शकत नाही, या साध्या गोष्टीकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. मेलेल्याची कहाणी दुसऱ्यालाच पुरी करावी लागते, आणि ती पुरी करण्यासाठी लेखकाने श्रीकृष्णाला, म्हणजे समोरच्या पक्षातील पुरुषाला, निवडले आहे. पराभूताची बाजू उघडून दाखविण्याची ही वाट आपल्याकडे फार जुनी आहे. भासाच्या ‘ऊरुभंग’ या नाटकात मांडी मोडून पडलेला दुर्योधन प्रेक्षकांची करुणा मिळवितो, आणि त्या रंगभूमीवर त्याच्या मृत्यूचे दर्शनही घडते.

वर्गात यातले काय नेता येईल? ‘ययाति’ खचितच नाही; तिचा विषय प्रौढांचा आहे. परंतु याच सांगाड्याची एक कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते, ती श्रावणबाळाची. पाण्यात घागर बुडण्याच्या आवाजावरून दशरथ बाण सोडतो, आई-वडिलांसाठी पाणी भरणारा मुलगा कोसळतो, आणि अंध माता-पिता पुत्रशोकाने प्राण सोडताना राजालाही पुत्रशोकानेच मरण येईल असे सांगतात. शाप आहे, भाकीत आहे, आणि तीन बाजूही आहेत. पाचवी ते सातवीच्या वर्गात ही कथा दोनदा थांबून सांगावी. बाण सुटल्यावर प्रथम थांबावे व ‘आता राजा काय करील, आणि तुम्हांस तसे का वाटते’ हे मुलांना वहीत दोन ओळींत लिहावयास सांगावे. काही मुले ‘तो पळून जाईल’ असे लिहितील. ती चुकली, असे म्हणू नये. राजाला पळून जाणे शक्य होते काय, आणि तरी तो पाण्याचे भांडे घेऊन त्या वृद्धांकडे का गेला, हे वर्गाला विचारावे. दुसऱ्यांदा शापानंतर थांबावे. वाल्मीकि रामायणात दशरथ ही हकीकत कौसल्येला सांगतो ती राम वनवासास गेल्यावर, स्वतःच्या मृत्यूच्या रात्री. इतकी वर्षे राजाने ती मनात ठेवली होती, एवढे सांगितले की सातवीतील मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात.

त्यानंतर वर्गाचे तीन भाग पाडून एकाने दशरथाच्या, एकाने श्रावणाच्या व एकाने अंध पित्याच्या तोंडून पाच-सहा वाक्ये लिहावीत. येथे शिक्षकाने एक नियम कटाक्षाने पाळावा. त्या त्या पात्राला त्या क्षणी जे ठाऊक नव्हते, ते त्याच्या तोंडी घालता येणार नाही. अंध पित्याला पावलांचा आवाज ऐकू येतो, पण ती पावले कोणाची हे त्याला माहीत नसते. तो प्रथम मुलालाच हाक मारील. हा एक नियम मुलांना पात्राच्या जागी उभे राहणे म्हणजे काय ते शिकवितो, आणि निबंधातील ‘बिचारा श्रावणबाळ’ छापाची वाक्ये आपोआप कमी होतात. अशा लेखनास गुण देताना भाषेच्या चुका वेगळ्या नोंदवाव्यात. तर्क चुकला म्हणून गुण कापू नयेत. तर्क चुकल्यास गुण जातात असे एकदा कळले की मुले शेवट आधी विचारून घेऊन मग अंदाज लिहू लागतात, आणि सारी पद्धतच पोकळ होते.

शेवटी एका अडचणीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी अलीकडेच मृत्यू घडलेला असतो. शिक्षकाने हजेरीपटावरून नव्हे, तर मुलांच्या चेहऱ्यांवरून हे जाणून असावे. अशा मुलाला मृत पात्राचे किंवा शोकाकुल मातापित्यांचे निवेदन लिहिण्याची सक्ती करू नये. त्याला हवे असल्यास दशरथाची बाजू द्यावी, किंवा नुसते ऐकू द्यावे. त्याने काही लिहिलेच तर ते वर्गापुढे मोठ्याने वाचू नये. इतरांच्या वह्या तपासून परत देताना त्याची वही निराळी ठेवावी व मधल्या सुटीत त्याच्या हाती द्यावी.

मोठ्यांच्या वाचनासाठी ‘ययाति’ व ‘मृत्युंजय’ ही दोन्ही पुस्तके सार्वजनिक वाचनालयांतून मिळण्यास अडचण पडत नाही. कोल्हापुरात १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहेच. केंद्रातील पाच-सात शिक्षकांनी एकच पुस्तक एका सत्रात वाचावयाचे ठरविल्यास महिन्यातून एक बैठक पुरते. पहिल्या तीन बैठकींत तर्कवह्या बंद ठेवाव्यात आणि पुस्तक संपल्यावर चौथ्या बैठकीत त्या एकदमच उघडाव्यात.